रेकॉर्डी पुसायला मी, नंबर लावायला विहीणबाई

चाळीस वर्षं धूळ मी पुसली आणि मत मात्र विहीणबाईंचं घेतलं! नमस्कार, गाणी ऐकणाऱ्या ग्रुपला.

आज सकाळी आमच्या ह्यांनी रॉकच्या सगळ्या रेकॉर्डी पलंगावर मांडल्या. पुन्हा ऐकून नंबर लावायचे म्हणे. तेवढ्यात मांजरी गावाहून विहीणबाई आल्या, म्हणजे सुनेची आई. ह्यांनी त्यांना खुर्ची दिली आणि मला चहा टाकायला सांगितलं.

विहीणबाई कॉलेजात शिकलेल्या. पिवळ्या कव्हरची रेकॉर्ड उचलून म्हणाल्या, "अहो, ही तर पहिलीच हवी."

"वा! काय कान आहे तुमचा!" इति हे. माझ्या कानांत ह्यांना आजवर फक्त कुड्या दिसल्या.

मी चहा ठेवला आणि म्हटलं, "ती मागच्या बाजूला तिसऱ्या गाण्यात अडकते."

हे हसले. लावली. अडकली.

"तुला कसं माहीत?"

"तुम्ही खुर्चीत घोरत असता तेव्हा सुई कोण उचलतं?"

तरीही पहिली तीच ठेवली.

मला इंग्रजी येत नाही, पण त्या ढिगातली पहिली कुठली ते कळतं. निळ्या कव्हरची. तिच्यातले ड्रम सुरू झाले की मी गॅस बारीक करून दारात येऊन उभी राहते. ह्यांनी ती सातवी लावली आहे.

मला का नाही विचारलं? उत्तर ह्यांनीच द्यायचं, ह्याच ग्रुपवर आहेत. विहीणबाईंनी मध्ये बोलायचं नाही, आणि बाकीच्यांनी नुसते अंगठे दाखवू नका.