कांडीवाल्या मॅडम

आमच्या मॅडम वर्गात साबण घेऊन येत. रसायनशास्त्राच्या पहिल्याच तासाला धुण्याची वडी टेबलावर ठेवायची आणि विचारायचं, हा काय करतो? मळ काढतो, असं मुलं म्हणत. "घडवतो पण," एवढं बोलून मॅडम फळ्याकडे वळत. परतूरच्या आमच्या महाविद्यालयात मी करारावर प्रयोगशाळा परिचर आहे. हा तास मी नऊ वर्षांत नऊ वेळा ऐकला.

त्या आष्टीहून जीपने येत. नेमणूक तासिका तत्त्वावर. कायम व्हायचं तर पीएचडी हवी. त्यासाठी त्या सिलिकाचे बारीक, छिद्रांचे कण बनवत. किती बारीक, असं मी विचारलं, तर केसाच्या जाडीत शंभर तरी बसतील म्हणाल्या.

त्यांचं समजावणं घरचं असे. साबणाच्याच जातीचं एक रसायन पाण्यात टाकलं की त्याच्या बारीक काड्या आपोआप जुळतात, सिलिका त्यांच्याभोवती बसते, आणि मग भट्टीत ते रसायन जाळून टाकायचं. "पऱ्हाटीच्या कुडाला माती लिंपा अन् कूड जाळून टाका. मातीत नळ्या राहतील का न्हाई?" त्या नळ्यांत औषध भरून कपाशीवर फवारायचं, म्हणजे ते हळूहळू पाझरेल. मात्र कण गोळीसारखा झाला तर पानावरून घरंगळतो, तो कांडीसारखा लांबट हवा. रसायनाचं प्रमाण बदलून हवा तेव्हा कांडीचा आकार आणता येतो, हा त्यांच्या प्रबंधाचा दावा होता.

कणांचे फोटो शहरातल्या एका संस्थेतून काढून यायचे, दीड-दीड महिन्याने. ते आले की मी विचारायचो, गोळी का कांडी? दोन उन्हाळ्यांत तीन वेळा कांड्या आल्या. पावसाळ्यानंतर तेच प्रमाण, तेच तापमान, आणि गोळ्या. पुन्हा केलं, पुन्हा गोळ्या. नोंदणीची मुदत संपायला सहा महिने उरले होते. मार्गदर्शक सर म्हणत, तीन चांगले फोटो आहेत ना, तेवढ्यावर प्रबंध देऊन टाका. मॅडमना ते पटत नव्हतं. त्यांना आपल्याच हातावर संशय येऊ लागला. एकच वजन त्या तीन-तीनदा करत.

"जीपमधी मधल्या सीटावर बसल्यावानी झालंय, मामा," त्या एकदा म्हणाल्या. "मागचे ढकलून राह्यले, पुढचे सरकंनात, अन् उतरता बी येत न्हाई."

मला नोंदी ठेवायची सवय आहे. टाकीत पाणी किती, टँकर कधी आला, सगळं वहीत असतं. मुदतीला तीन महिने उरले असताना एका दुपारी वही चाळताना दिसलं की तिन्ही वेळच्या कांड्या टँकरच्या महिन्यांतल्या होत्या. काचसामान मी धुण्याच्या पावडरीने घासतो. नियम पाच पाण्यांनी विसळायचा; तो भिंतीवर लावलेला आहे. टंचाईत मी दोनच पाणी वापरायचो. म्हणजे चंचुपात्रांत पावडर राहत होती, आणि पावडर म्हणजे साबणच. कांड्या मॅडमच्या प्रमाणाने नव्हे, माझ्या कामचुकारपणाने येत होत्या.

चार दिवस मी वही कपाटातच ठेवली. सांगावं तर त्यांचा दावा पडतो आणि माझा करार जातो. न सांगावं तर त्या आणखी किती वेळा वजनं करणार? पाचव्या दिवशी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली आणि दोन पाण्यांचं सांगितलं.

त्यांनी तारखांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, "किती राह्यली असंल पावडर?"

"मोजली न्हाई, मॅडम."

"सगळं जग मोजता अन् एवढंच राह्यलं का?" रागावल्या नाहीत, खुर्ची ओढून बसल्या. "मंग आता मोजून टाकू."

आम्ही पाच पाण्यांनी विसळलेल्या भांड्यांत पावडर मोजून घातली. सात नमुने केले, सात प्रमाणांचे. तिसऱ्यात सगळ्या कांड्या निघाल्या, एकही गोळी नाही. तोच नमुना पुन्हा केला, पुन्हा कांड्याच. पण ते फोटो आले तेव्हा मुदत संपून अकरा दिवस झाले होते.

त्यांनी मुदतवाढीचा अर्ज केला. मार्गदर्शक सर फोनवर बोलले ते मलाही ऐकू येत होतं: जुन्या फोटोंवर प्रबंध दिला असता तर आज डॉक्टर असता. वाढ मिळाली नाही. पुढच्या जूनमध्ये त्या टेंभुर्णीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला गेल्या. निघताना मला म्हणाल्या, "गोळी का कांडी, हे आता कोनाला इचारसाल?"

त्यांच्या अर्जाची प्रत फाइलला लावायचं काम माझ्याकडेच आलं. मी प्रत्येक आकडा वहीशी ताडून पाहिला. प्रमाणं बरोबर, तारखा बरोबर. शेवटच्या पानावर विलंबाचं कारण होतं: 'उन्हाळ्यातील सर्व प्रयोगांचे काचसामान मी स्वतः धुतले व पुरेसे विसळले नाही. ही चूक माझी आहे.' खाली त्यांची सही.

तेवढं एक वाक्य वहीशी जुळत नव्हतं. मी कागदाला भोकं पाडली, फाइलला लावला आणि कपाट बंद केलं. माझा करार दरवर्षी वाढतो आहे.