उलटं फिरलेलं हॅण्डल

ठिणगीकाकांनी कानसेनच्या तोंडावर पाना हाणला, तेव्हा अक्का गॅरेजच्या कोपऱ्यात जुन्या गाडीच्या मागच्या सीटचं कव्हर शिवत होत्या. सुई बोटात गेली ती वेगळीच. कारण काय, तर गाडी गिअरमध्ये असताना त्याने इंजिन सुरू करायचं हॅण्डल मारलं आणि ती पुढे उसळली. दोन दात तेलकट फरशीवर पडले. अकरा वर्षं तिथे राबलेला माणूस तोंडाला फडकं लावून चालता झाला. त्याला आता तीन वर्षं होऊन गेली.

काका म्हणजे अक्कांचे धाकटे भाऊ. गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून ठिणगी. ते नाव रागालाही शोभायचं. बायको एका सकाळी सुजलेला डोळा घेऊन गेली ती परत फिरकली नाही. अक्का तेवढ्या राहिल्या. लोकांपुढे सारवासारव त्यांचीच असे. "पायरीवरून पडली हो." "फडताळाचं दार लागलं त्याला." चाळीस वर्षांत ही वाक्यं इतकी तोंडात बसली होती की सांगताना पापणीही लवत नसे. मात्र हा एक दिवस कुणाचा तरी जीव घेणार, ही धास्ती रोज त्यांच्याबरोबर उठायची.

गाडी साठ वर्षांपूर्वीची, भंगारातून उचललेली. काकांनी आणि कानसेनने अकरा वर्षांच्या सगळ्या सुट्ट्या तिच्यात घातल्या. कानसेन हे नाव काकांनीच ठेवलेलं, कारण बॉनेट न उघडता, नुसतं ऐकून तो इंजिनातली खोट सांगायचा. काकांचे कान ठोकाठोकीत अर्धे गेलेले, तेव्हा ऐकायचं काम त्याचं आणि हात चालवायचं काकांचं. दात पडल्यावर तो नाक्यावर म्हणाला, "अर्धी गाडी माझी आहे. एक दिवस घेऊन जाईन." हे काकांपर्यंत पोचायला संध्याकाळ लागली नाही.

तेव्हापासून दुपारी आडवं होण्याआधी काका प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडत, आतला अंगठ्याएवढा रोटर काढत आणि सदऱ्याच्या खिशात टाकत. तो तुकडा नसेल तर ठिणगी प्लगपर्यंत पोचतच नाही. कुणी कितीही हॅण्डल मारो, गाडी ढिम्म. पण एक दिवस अक्कांनी पाहिलं, काका पाना घेऊन आणखी काही करतायत.

"हे काय नवीन?"

"डिस्ट्रिब्युटर फिरवून ठेवतोय. एवढंसंच. ठिणगी वेळेआधी पडते. पिस्टन वर चढत असतानाच आत भडका. हॅण्डल उलटं येतं."

"आणि धरलेलं असेल त्याचं?"

"हात कामातून गेला."

"अरे, रोटर काढतोस ना? गाडी वाचली की."

"त्याला माहितीय रोटरचं. तो दुसरा घेऊन येईल."

अक्कांना उमगलं: ही तजवीज कुणा ऐऱ्यागैऱ्या चोरासाठी नव्हती. "तुला गाडी वाचवायचीय की त्याचा हात मोडायचाय?"

"दोन्ही जमलं तर तुझं काय जातंय?"

तो आला भर दुपारी. सोबत मोटरसायकलवाला एक मित्र. अक्का वरच्या खोलीत मशीनवर होत्या. फाटक करकरलं, बॉनेट वाजलं, झाकणाच्या क्लिपा टक-टक उघडल्या नि बसल्या. कोण आहे ते त्यांना हातावरूनच कळलं. इतक्या हलक्या हाताने क्लिप लावणारा एकच. त्या जिन्याकडे धावल्या. "थांब! हॅण्डल मारू नकोस रे!"

खाली धाड् असा आवाज झाला. मग ओली फांदी मोडल्यासारखा, आणि मग किंकाळी.

त्या पोचल्या तेव्हा कानसेन गाडीपुढे गुडघ्यांवर होता. उजवा हात मनगटाच्या वर भलत्याच ठिकाणी वाकलेला, हाड कातडी फाडून बाहेर, रक्ताची चिळकांडी बंपरवर. मित्राने ते पाहिलं, मोटरसायकलला लाथ घातली आणि पसार झाला.

काका झोपेतून उठून आले ते लोखंडी रॉड घेऊनच.

"आलास? ये! माझ्या दारात येतोस?" पहिला फटका बरगड्यांवर. दुसरा पाठीवर. "अर्धी तुझी काय? घे तुझी अर्धी!"

"काका, हात... हात गेला माझा..."

"दुसरा कुठाय? काढ!"

रॉड डोक्याच्या वर गेला. अक्कांनी भावाचे डोळे पाहिले; त्यांत कुणी ओळखीचं नव्हतं. त्या मध्ये घुसल्या, हात आडवा केला. रॉड थांबला नाही. कोपराखाली कड् झालं आणि त्या कानसेनच्या अंगावरच कोसळल्या.

काका तसेच उभे. रॉड हातातून सुटला, फरशीवर घरंगळत गेला.

"अक्का, तू कशाला मध्ये..."

"तोंड बंद कर." त्यांनी दातांनी आणि डाव्या हाताने पदर फाडला, कानसेनच्या कोपराच्या वर आवळून बांधला. रक्त थोडं कमी झालं, थांबलं नाही. "फोन लाव."

अँब्युलन्सवाले म्हणाले, पाऊण तास. गॅरेजमधल्या बाकीच्या गाड्या चाकं काढून ठोकळ्यांवर. कानसेनचे ओठ पांढरे पडत चालले होते.

"हा तेवढा वेळ राहायचा नाही," अक्का म्हणाल्या. "ही गाडी काढ."

कानसेनने आणलेला रोटर आत होताच. काकांनी बोल्ट ढिला केला, डिस्ट्रिब्युटर मागे फिरवला. रोज डोळे मिटून करायचं काम, पण आज किती फिरवलं तेच कळेना. हॅण्डल मारलं. ते उलटं उसळलं. त्यांनी तळवा वेळेवर उघडला म्हणून निभावलं.

"अजून मागे," खालून आवाज आला. कानसेनचे डोळे मिटलेले. "फटकन बोलली ती. ऐकू येत नाही का तुम्हाला?"

काकांनी फिरवला. पुन्हा हॅण्डल. इंजिन खोकलं, धरलं, लंगडत चालू झालं.

"आता जरा पुढे... नाही, जास्त झालं... मागे. केसभर." तो धापा टाकत होता. "बस्स. आवळा."

साठ वर्षांची गाडी एका लयीत घुमू लागली. काकांनी त्याला काखेत धरून उचललं, तेव्हा त्याने शिवी हासडली. काकांनी पकड तेवढी घट्ट केली.

मागच्या सीटवर त्याचं डोकं अक्कांच्या मांडीवर होतं. "झोपू नकोस रे बाबा. काहीतरी बोल."

"कव्हर खराब होतंय तुमचं."

"होऊ दे. मेल्या, आधी विचारायचं होतंस, मीच फाटक उघडलं असतं."

"काकांनी दिली असती?"

पुढे काकांनी गिअर बदलला. गाडी सिग्नलला न थांबता सुटली.

दवाखान्यात कानसेनला ढकलगाडीवरून आत नेलं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, हाताचं उद्या सांगू. मग नर्स कागद घेऊन अक्कांकडे आली. त्यांचा हात कोपराखाली भोपळ्यासारखा सुजला होता.

"आजी, हे कसं झालं?"

काकांनी बहिणीकडे पाहिलं. त्या दारावर ढकलणार की पायरीवर, एवढीच वाट ते बघत होते. अक्कांच्या जिभेवर पायरी आलीही होती.

"याने मारलं," त्या म्हणाल्या. "रॉडने. आत नेलाय त्यालाही यानेच बडवलं, आणि त्याचा हात मोडावा म्हणून गाडीत आधीच तजवीज करून ठेवली होती. मला ठाऊक होतं, मी बोलले नाही. हेही लिहा."

"अक्का!"

"लिहा," त्या नर्सला म्हणाल्या. "आणि कुणाला बोलवायचं असतं त्यांना बोलवा. हा पळून जायचा नाही."

काका उठले, दारापर्यंत गेले. बाहेर गाडी उभी होती, दारं सताड उघडी. ते थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले, मग परत आले आणि बहिणीपासून एक खुर्ची सोडून बसले.