नर्गिसची पात

मी चौसाळ्याची, कांदा पिकवणाऱ्यांची लेक. लग्न होऊन धारूरला आले तेव्हा छातीठोकपणे सांगण्यासारखी एकच गोष्ट माझ्याजवळ होती : कांदा कसा पोसायचा ते मला कुणी शिकवू नये. स्वयंपाकात माझा हात बेताचाच होता, आणि सासूबाई ते दिवसातून दोनदा ऐकवत.

भिंतीपलीकडे तहसील कचेरीतल्या पेशकारांचं बिऱ्हाड होतं. त्यांच्या बायकोला मी खाला म्हणायची. तिचं माहेर हैदराबादेचं. तिकडे थंडीत अंगणभर नर्गिस फुलायचं म्हणे. एका वर्षी तिच्या भावाने नर्गिसचे, आपल्या कांद्यासारखेच दिसणारे, सात कांदे लावायला पाठवले. खालाच्या अंगणात लिंबाच्या झाडाने ऊन पडत नव्हतं, म्हणून ते माझ्याकडे आले.

"तू कांद्यावाल्यांची हाईस," ती म्हणाली. "तुज्याच हाती लागतील."

मी अशी फुगले म्हणता! सहा कुंड्या भिंतीशी ओळीने मांडल्या. सातवी कुंडी मिळेना, म्हणून एक कांदा न्हाणीजवळच्या फुटक्या माठात लावला. पौषात सगळे फुलले. पांढऱ्या ताटलीत पिवळी वाटी ठेवावी तसं फूल, आणि वास तर ओसरीपर्यंत. खालाने ओंजळीत फुलं घेतली आणि बराच वेळ नाक वर काढलं नाही.

फुलं गळली, पात मात्र हिरवीगार उभी राहिली. आमच्याकडे कांदा भरत आला की पात मोडतात, म्हणजे जोर पातीत न जाता कांदा पोसतो. लहानपणापासून मी तेच केलं होतं. एका दुपारी मी पदर खोचून बसले आणि सहाही कुंड्यांतली पात माना मुरगाळून आडवी केली. फार दिवसांनी मनासारखं काम हाती आलं होतं. माहेरी कांद्याच्या रानात म्हणायचो ती गाणी आपोआप तोंडात आली. सातव्या कांद्याच्या माठापुढे गोवऱ्या रचलेल्या होत्या, तो विसरलाच.

पुढच्या थंडीत पेशकारांची नोकरी संपली. संक्रांतीनंतर बिऱ्हाड त्यांच्या गावी, पाथरीकडे हलणार होतं. खालाचा भाऊही त्या पावसाळ्यात गेला होता, त्यामुळे माहेर असं उरलं नव्हतं. जाण्याआधी एकदा नर्गिस बघायचं, एवढंच तिचं मागणं होतं. रोज सकाळी भिंतीवरून हाक यायची, "आली का गं कळी?"

"येईल की, खाला."

सहाही कुंड्यांत नुसती पात. कळीचा पत्ता नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं. सासूबाई म्हणाल्या, "कांदेवालीवर कांदेच रुसले जणू."

खाला निघायला दोन दिवस होते. न्हाणीतल्या चुलीसाठी गोवऱ्या काढायला गेले, तो वास आला. शेवटची रांग उचलली तर मागे माठातलं नर्गिस फुललेलं, एका दांड्यावर पाच फुलं. न मोडलेली पात तेवढीच होती. सहा कांद्यांचं वाटोळं मीच केलं होतं.

माठ उचलला तो थेट खालाच्या दारात नेऊन ठेवला.

"खाला, बाकीच्यांची पात म्या मोडली. माज्यामुळंच न्हाई फुललं," म्हणताना मला रडू फुटलं.

ती फुलांकडे बघत होती. "ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "भिंतीवरून बगत व्हते की मी तवा. एखादं तरी चुकून फुलंल म्हनून रोज इचारत व्हते. आमचा माळी पातीला हात बी लावू द्यायचा न्हाई, पातीवरच पुढल्या सालचं फूल पोसतं म्हनायचा."

"मग हाक कावून न्हाई मारली तुमी?"

"वरीस झालं व्हतं तुला नांदाय येऊन. त्या दिवशी पैल्यांदा तुला गाताना ऐकलं मी."

तिच्यासाठी काय करू आणि काय नको असं झालं. दोन दिवसांनी तो माठ मांडीवर घेऊनच ती बैलांच्या दमणीत बसली, आणि दमणी उतारावरून दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभी होते.

त्या वर्षी मी सहाही कुंड्यांतली पात आपोआप वाळेपर्यंत तशीच राहू दिली. पिवळी पडली, लोळली, पण हात लावला नाही. अंगणाचा उकिरडा झालाय, असं सासूबाई म्हणाल्या म्हणे. मी गात होते, मला काही ऐकू आलं नाही.