दीपगृहाचा पडदा

माझे सासरे कोकणात दीपगृहावर नोकरीला होते. निवृत्त होऊन राळेगावजवळच्या शेतावर परतले, तेव्हा भंगारात निघालेलं एक जुनं भिंग सोबत घेऊन आले. बांधावर दोन मजली उंचीचा गोल मनोरा बांधून त्यांनी ते वर बसवलं. लग्नानंतर मी पहिल्यांदाच तो बघायला त्यांच्यासोबत गेले. खाली वेचलेला कापूस भरलेला होता. त्याच्या कडेने लोखंडी जिना वर जात होता.

वरच्या काचेच्या खोलीत मधोमध भिंग, आणि त्याच्या पोटात मुठीएवढा दिवा.

"एवढ्याशा दिव्याचा उजेड समुद्रात दूरवर कसा जाते, मामाजी?"

"दिव्याचा उजेड चारीकडं फाकते. हे भिंग त्याले गोळा करून सरळ फेकते."

आभाळ भरलेलं होतं. मला शेत दिसावं म्हणून त्यांनी पश्चिमेचा जाड पडदा सरकवला. तुरीकडे बघत आम्ही बोलत राहिलो. उतरतं ऊन ढगाबाहेर कधी आलं, कळलंच नाही. एकदम जळका वास आला.

"मामाजी, धूर!"

बाहेरचं ऊन भिंगातून आत शिरून दिव्याशी एकवटलं होतं, आणि तिथलं पुसायचं फडकं पेटलं होतं. सासऱ्यांनी ते हातानेच ओढून काढलं. चटका बसला तसं ते हातातून सुटलं, जिन्याच्या भोकातून थेट खाली कापसावर पडलं.

क्षणात जिन्यातून धूर वर यायला लागला.

"पोरी, उतर लवकर!"

"अन् तुम्ही?"

"पडदा लावतो. नाहीतर वरतीबी पेटन."

पडदा कडीत अडकला. मी दुसरं टोक धरून ओढलं, तेव्हा कुठे तो बसला. पदर नाकाला लावून मी त्यांच्यामागे उतरू लागले. काही दिसत नव्हतं. अर्ध्यावर ते खोकत खाली बसले.

"मामाजी, उठा! बसू नका!"

बखोटीला धरून मी त्यांना उठवलं. कठडा चाचपडत, एकेक पायरी उतरत आम्ही दार गाठलं. बाहेर येताच त्यांनी विहिरीवरची मोटर सुरू केली, मी पाइप ओढला. कापूस आतून धुमसत होता. ढीग उपसून उपसून भिजवावा लागला. अर्धाअधिक गेला.

घरी सासूबाई त्यांच्या तळहातावरचे फोड बघून घाबरल्या. "काय झालं जी?"

"पडदा मीच सरकवला," ते म्हणाले. "हे पोरगी नसती तर जिन्यातच रायलो असतो."