बंद रेडिओवरचं मांजर

उंद्रीची सोजराबाई हाताची मोठी पारखी. ज्वारीच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून ढीग आतून तापला का ते सांगायची. तापलेलं लेकरू तळपायावरून ओळखायची. बोलायला फटकळ, अन् हसली की शेजारच्या गोठ्यातले बैल कान टवकारायचे.

गावात वीज आली, अन् दसऱ्याला तिचा नवरा भगवंतराव चिखलीहून विजेवरचा रेडिओ घेऊन आला. लाकडी पेटी, आत काचेचे दिवे. हळदकुंकू लावून ती भिंतीतल्या देवळीशेजारी बसवली. सोजराबाईनं वर दोऱ्याचं विणलेलं झाकण घातलं. सांजच्याले बायांचा कार्यक्रम लागला की आळीतल्या बाया तिच्या ओसरीवर जमायच्या, अन् रेडिओतल्या बाईला इकडूनच उत्तरं द्यायच्या.

पण मीटरची चकरी भगवंतरावाच्या डोळ्यात सलायला लागली. दुपारी घरात एक दिवा लागलेला नाही, तरी चकरी फिरतेच.

"तू दुपारी चोरून आयकतं."

"दुपारी त मी वावरात. कपाशीच्या पराटीले गाणे आयकवू का?"

"मंग चकरी काऊन फिरते? येत्या बाजाराले रेडू चिखलीले वापस. सांगून ठेवतो!"

त्या सांजेला सोजराबाईची भाकर करपली. तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती वावरातून लवकरच परतली. थंडी मी म्हणत होती. चूल गार, गोधडी रिकामी, अन् मांजर रेडिओवर पाय पसरून झोपलेलं. तिनं मांजराला ढकललं, पेटीवर तळहात टेकवला. पेटी कोमट! झाकण उचललं, तर काचेमागं पिवळा दिवा.

"अजी, हिकडं या! चोर घावला!"

भगवंतराव गोठ्यातून धावत आला. "कोन? हे मांजर?"

"मांजर कायले? राती रेडू कोन बंद करते?"

"मी. आवाज पार बारीक करतो."

"अन् टक होईपर्यंत बटन फिरवता का?"

"नाई बा. आतला दिवा इझते. हळदकुंकू लावलेल्या वस्तूचा दिवा आपल्या हातानं इझवाचा का?"

सोजराबाई हसता हसता खालीच बसली. "आवो, समईचं तेल सरलं की थे आपोआप शांत होते. ह्याचं तेल त तारेतून येऊनच राह्यलं! कवा सरन?"

मग उठून तिनं रेडिओला हात जोडले. "देवा, आता आराम कर." टक!

दोघं मीटरखाली गेले. चकरी थोडी सरकली अन् थांबली.

"थांबली बे!" भगवंतराव चकरीलाच म्हणाला.

बाजाराच्या दिवशी तो चिखलीला गेला, पण रिकाम्या हातानं. रेडिओ देवळीशेजारीच राहिला. त्या सांजेला कार्यक्रम संपला तशा ओसरीवरच्या साऱ्या बाया एका सुरात ओरडल्या, "देवा, आराम कर!" अन् बटण भगवंतरावानं स्वतः फिरवलं. पुढं कोणाच्याही घरी रेडिओ दिसला की सोजराबाई आधी त्यावर हात ठेवायची. "बाई, याले ताप हाय. झोपवा याले."

मांजर दोन दिवस रुसलं. मग भगवंतरावाच्या पोटावर झोपायला लागलं. भगवंतराव घोरायला लागला की सोजराबाई मांजराला म्हणायची, "तुले जागा बरी भेटली. पन याचं बटन कुठं हाय, तेवढं मले सांग."