वाकडी झाडं

झाडवाल्या मावशींनी गल्लीत सरकारी योजनेतलं प्रत्येक रोप स्वतःच्या हातांनी लावलं, शेजारी आधाराची काठीही ठोकली. "झाडं आली की मारामाऱ्या कमी होतात," योजनेचे साहेब म्हणायचे. झाल्याही, पूर्वी त्या गल्लीत दिवसाढवळ्या सुरे निघायचे. पण एका संध्याकाळी पोरापोरांत जुंपली. मावशींचा एकुलता एक लेक सोडवायला मध्ये पडला. कुणीतरी रोपाची काठी उपसून त्याच्या डोक्यात घातली. लेक जागच्या जागी गेला.

तेव्हापासून मावशी काठी ठोकत नाहीत. लेकाच्या जुन्या शर्टांच्या पट्ट्या फाडून रोपं कुंपणाला बांधतात.

"अहो मावशी, झाडं वाकडी वाढतायत!" परवा साहेब करवादले.

"वाकडी तर वाकडी!" मावशी तडकल्या. "वाढतायत ना?"