कानशीवर घासलेले सूर

वामनराव साळवेकरांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता. झाशीच्या रेल्वे वर्कशॉपच्या फाटकावर कामगारांची सभा होती आणि वक्ता मी होतो. गर्दी जमावी म्हणून कुणीतरी वॅगन शॉपमधल्या एका तरुण फिटरला आधी अकॉर्डियन वाजवायला बसवले. गर्दी जमली, चांगलीच जमली. मी बोलायला उभा राहिलो तर मागून आरोळी आली, "नेताजी, भाषण कल दे देना, आज भैया को बजाने दो!" सगळे फाटक हसले. मी तरीही हट्टाने तासभर बोललो. खाली उतरलो तेव्हा ते फिटर, म्हणजेच वामनराव, जवळ आले आणि शांतपणे म्हणाले, "मुद्दे बरोबर होते. पण तुम्ही श्वास कुठे घेता? आमच्या भात्यालासुद्धा परत यावं लागतं."

आज त्यांच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथासाठी लिहायला बसलो आहे आणि मन स्वस्थ नाही. वामनरावांच्या उजव्या हाताची दोन बोटे अलीकडे बधिर होतात. बुंदेलखंडी बायकांची जी गाणी त्यांनी आयुष्यभर साथ करून सांभाळली, ती त्या हातात आहेत. दुसऱ्या कुणाच्या हातात ती अजून उतरलेली नाहीत. हे विसरून नुसते स्तुतीचे शब्द लिहिणे मला जमणार नाही.

त्यांचे काम काय, हे एका प्रसंगातून सांगतो. झाशीच्या नगरा वस्तीत त्यांच्या क्वार्टरमागे रामकुंवरबाई राहत. रुळांखाली खडी भरणाऱ्या टोळीत त्या काम करीत. लग्नात व्याह्यांची, म्हणजे समधी-समधिणींची, थट्टा करणाऱ्या गारी आणि जत्रेला पायी जाताना लांब ओढून म्हणायचा लमटेरा, दोन्हींत त्यांचा हात धरणारे कुणी नव्हते. वामनरावांनी एकदा साथीला अकॉर्डियन काढले. दोन ओळींत बाई थांबल्या. "भैया, तुमाओ बाजो झूठ बोल रओ. हमाओ सुर इतै नइयाँ. दोई के बीच में है."

त्यांचा सूर खरोखरच दोन पट्ट्यांच्या मधे होता. माझ्यासारख्या माणसाने बाईंनाच सूर सुधारायला सांगितले असते. वामनरावांनी घरी जाऊन वाद्य उघडले आणि कानस हातात घेतली. आतली रीड म्हणजे पोलादाची पातळ जीभ. टोकाकडे घासली तर सूर चढतो, मुळाकडे घासली तर उतरतो, आणि एकदा घासलेले पोलाद परत येत नाही. रोज ड्यूटी सुटली की ते बाईंसमोर बसत, त्यांना एकच ओळ म्हणायला लावीत, आणि कानशीचे दोनच हात मारून थांबत. बरेच दिवस असे चालले. शेवटी पेटी खरे बोलल्याची पावती बाईंनी दिली, "अब साँची बोलो."

पण त्या पेटीवर आता सिनेमाची गाणी वाजेनात. ज्या ऑर्केस्ट्रात त्यांचे नाव होते, तिथले मास्टर चिडले. "साळवेकर, चांगली पेटी बिघडवलीत!" वामनराव म्हणाले, "आत्ता कुठे बरोबर लागतेय." त्यांना ऑर्केस्ट्रातून जावे लागले, आणि ते गेले.

आता माझी चूक लिहितो. त्याशिवाय हा लेख खोटा ठरेल. आमच्या मराठी मंडळाचा मी सचिव होतो. गणेशोत्सवात रामकुंवरबाईंचे गाणे ठेवावे, असे वामनरावांनी सुचवले. मी बैठकीत गरजलो की वर्षभर हिंदीच ऐकतो, दहा दिवस तरी इथे मराठी ऐकू येऊ द्या. टाळ्या पडल्या. वामनरावांनी एवढेच विचारले, "आणि ही माणसं आपली कोण?" मी म्हणालो, "तुम्ही रेल्वेबरोबर आलात. आम्ही जुन्या शहरातले दतिया गेटवाले, सात पिढ्यांचे. मराठीपण टिकवायचं कसं, ते आम्हाला कळतं." त्यांनी आरतीला साथ केली, पेटी बंद केली आणि पुढची तीन वर्षे ते मंडपात वाजवायला आले नाहीत.

अशा माणसाने माझ्या दारात का यावे? पण माझी आई अंथरुणाला खिळल्याचे कळले आणि ते पेटी घेऊन आले. मला काही न विचारता आईच्या उशाशी बसले आणि एक गारी वाजवू लागले. कित्येक दिवस गप्प असलेली माझी आई बोलली. "वामनराव, चुकलात. आधी समधिणीची फजिती, मग समधीची." आणि तिने स्वतः, अस्सल बुंदेलीत, अशी काही चावट कडवी म्हटली की मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

"आई, तुला हे येतं?"

"इथे जन्मले, इथे उजवले. माझं लग्न काय तुझ्या भाषणावर लागलं होतं?"

वामनराव हसले नाहीत. त्यांनी आईने सांगितलेला क्रम दोनदा वाजवून पाहिला आणि "आता बरोबर का, काकू?" असे विचारले. त्या वर्षी रामकुंवरबाई आमच्या मंडपात गायल्या. निमंत्रण द्यायला मी स्वतः नगऱ्यात गेलो होतो.

आज बाई नाहीत. त्यांच्या सूनबाई गातात आणि वामनराव साथ करतात. सत्काराचे सांगायला आम्ही गेलो तेव्हा ते म्हणाले, "शाल द्या, घेईन. शिकायला कोण येणार ते सांगा." एकाने उत्साहाने सुचवले, "दादा, सगळं रेकॉर्ड करून ठेवू." "जरूर ठेवा. पण भाता कुठे रोखायचा, ते गाणारीच्या तोंडाकडे बघून कळतं. तुमच्या मशीनला तोंड दिसतं का?"

म्हणून दर रविवारी सकाळी मीच त्यांच्या ओट्यावर जाऊन बसतो. सत्तरीचा विद्यार्थी, बोटे लाकडासारखी. सहा महिने झाले, पहिली गारी अजून बसलेली नाही. "जीभ चालते तुमची, तेवढी बोटं चालवा की!" असे ते ओरडतात. बरोबरच ओरडतात. पण माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या हाती ही गाणी देऊन ती वाचणार नाहीत. सिव्हिल लाइन्समधल्या, नगऱ्यातल्या आपल्या मुली-नातींना त्या ओट्यावर धाडा. त्यांना मराठी नीट बोलता येत नसले तरी चालेल. वामनराव मराठीत रागावतील, त्या हिंदीत उत्तर देतील आणि गाणे बुंदेलीत होईल. या शहरात आपण असेच तर जगलो आहोत.

वामनराव, आम्ही फार उशिरा आलो. आमचे शिकून होईपर्यंत तुम्ही ठणठणीत राहा, आणि आम्ही फार मठ्ठ आहोत हे लक्षात घेऊन पुष्कळ वर्षे राहा.